कोंबडीला औषध, पण मातीचे काय?

म्हैसूर जिल्ह्यातील टी. नरसीपूर येथे कावेरी व कबिनी या नद्यांचा संगम होतो. अशा सिंचित भातपट्ट्यात परसातील कुक्कुटपालन करताना सावलीतील ओलसर माती हाच परजीवींचा साठा ठरतो.

मोठ्या गोलकृमीची अंडी विष्ठेतून जमिनीवर पडतात. ऊब व ओलावा मिळाल्यास सुमारे २ आठवड्यांत ती संसर्गक्षम होतात आणि कित्येक महिने टिकतात. रक्ती हगवणीच्या परजीवींना त्यासाठी १ ते २ दिवसही पुरतात. जंतनाशक पक्ष्याच्या आतड्यातील कृमी मारते. मातीतील अंडी तशीच राहतात. त्यामुळे औषध देऊनही पिल्ले पुन्हा खंगतात. शिवाय रक्ती हगवणीवर जंतनाशकाचा उपयोग होत नाही. म्हणून आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात विष्ठेची तपासणी करून घ्यावी.

मोठ्या कोंबड्या निरोगी दिसल्या तरी अंडी पसरवीत असतात. त्यामुळे ३ महिन्यांखालील पिल्ले वेगळ्या, स्वच्छ जागेत वाढवावीत. परसाचे भाग पाडून चराईची जागा आलटूनपालटून बदलावी. पाण्याच्या भांड्याभोवतीची ओली माती खरवडून काढावी व तेथे ऊन पोहोचू द्यावे. भाताच्या तुसाची गादी कोरडी ठेवावी. वापरलेली गादी थेट भाजीच्या वाफ्यात न टाकता ढीग करून पूर्ण कुजवावी. कुजताना निर्माण होणाऱ्या उष्णतेने अंडी नष्ट होतात.

विस्तार कार्यकर्त्यांनी औषधाच्या मात्रेसोबत मातीची ही निगाही सांगितली, तरच औषधावरील खर्च सार्थकी लागेल.