अंगणातल्या जाळीची निगा

दिवाळी जवळ आली की तांब्या-पितळेची भांडी चिंच लावून घासली जातात आणि लख्ख होऊन फळीवर बसतात. अंगणातल्या चुलीवरची लोखंडी जाळी मात्र परसात कुठेतरी पालथी पडलेली असते. पावसाळाभर तिची विचारपूस झालेली नसते. थंडीतले पहिले वांगे भाजायची वेळ आली म्हणजे तिच्यावरचा तांबूस गंज दिसतो आणि "मोडीत घाला" असा निकाल लागतो. वाचकहो, हा निकाल बहुतेक वेळा चुकीचा असतो!

गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेऱ्यास आमचे बिऱ्हाड आले, तेव्हा या जाळीची थोरवी मला कळली. जिल्ह्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग जंगल आणि वर्षाचा पाऊस 1300 मिलिमीटरच्या वर. अंगण ऐसपैस, सरपण जवळ. मग संध्याकाळी बाहेर चूल पेटवायला निमित्त लागत नाही. 1960 च्या दशकापासून पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबेही या तालुक्यात वसली. त्यांचा मासा, आमचे वांगे, आणि कुंपणावरून जाळीची देवघेव!

गंमत अशी की हा मुलूखच लोखंडाचा. त्या वेळच्या चांदा जिल्ह्यातील खनिजाविषयीचा 1882 सालचा अहवाल जमशेटजी टाटांच्या वाचनात आला आणि पोलादाच्या कारखान्याचा विचार त्यांच्या मनात घोळू लागला. वरोऱ्याचा कोळसा त्या कामाला चालला नाही, आणि कारखाना शेवटी दूर साकचीला उभा राहिला. पण खनिजाच्या या माहेरघरीही घडवलेले लोखंड श्रावणातल्या दमट हवेत एका रात्रीत गंजते.

त्यावर उपाय जाळी मुरवण्याचा. नवी जाळी असो वा गंजलेली, प्रथम ती विटकरीच्या चुऱ्याने आणि नारळाच्या काथ्याने खसखसून घासावी. गंज हट्टी असेल, तर चिंचेच्या कोळात थोडा वेळ बुडवावी. मग गरम पाण्याने धुऊन लगेच निखाऱ्यावर कोरडी करावी. उन्हात वाळत घालून विसरलात, तर गंज पुन्हा हजर! जाळी कोमट असताना तेलाचे बोट फिरवावे आणि कोरड्या फडक्याने ते जवळजवळ सगळे पुसून काढावे. आमच्या गावच्या लोहारबुवांनी मला बजावले होते, "बाई, लोखंडाले तेल पाजू नका, नुसतं पुसा." या एका वाक्यात सारी विद्या आहे. जाड थर चिकट होतो आणि पुढे त्याचे पापुद्रे सुटतात. तेल पुसलेली जाळी निखाऱ्यावर धूर थांबेपर्यंत तापवावी, निवू द्यावी आणि हाच क्रम तीन-चार वेळा करावा. तेल उष्णतेने व हवेतील प्राणवायूने घट्ट होऊन लोखंडावर काळीभोर कातडी धरते. ती कातडीच पाण्याला अडवते.

तेल कोणते? विदर्भात जवस परका नाही. त्याचे तेल चटकन घट्ट होते. इकडे मोहाच्या बियांचे टोळीचे तेलही मिळते, पण ते तसे घट्ट होत नाही. मुरवण्याला ते नको. मात्र एक इशारा. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या कोपऱ्यात गोळा करून ठेवल्या, तर त्या आपोआप तापून पेट घेतात. त्या चुलीत जाळाव्यात किंवा पाण्यात भिजवून दूर टाकाव्यात.

रोजची निगा सोपी आहे. भाजणे संपल्यावर जाळी गरम असतानाच अर्धा कांदा काट्याला टोचून तिच्यावर घासावा आणि तेलाचा हात फिरवावा. तारेचा ब्रश मात्र वापरू नये. त्याची तुटलेली तार अन्नात जाऊन घशात रुतल्याची उदाहरणे डॉक्टरांनी नोंदवली आहेत. लिंबू-टोमॅटोचा रस जाळीवर सांडू देऊ नये, तो ही कातडी खातो. चुलीतली राख भिजू देऊ नये. ओली राख लोखंड पोखरते.

बाजारात चकचकीत जस्ती जाळी स्वस्त मिळते म्हणून मोहात पडू नका. जस्त 419 अंश सेल्सियसला वितळते आणि फुंकलेला निखारा त्याहून कितीतरी अधिक तापतो. त्या जस्ताचा धूर श्वासावाटे आत गेला, तर थंडी वाजून ताप भरतो. ती जाळी कुंपणाला ठीक, मुलांच्या ताटातल्या वांग्याला नव्हे.

पावसाळ्यात जाळी तेल लावून घरातल्या चुलीवरच्या आढ्याला टांगावी; ऊब आणि धूर तिला कोरडी राखतात. यंदा पितळेचा डबा घासताना, भगिनींनो, परसात एक फेरी मारा. मोडीत निघालेली ती जाळी उचला आणि तिच्यावर एक संध्याकाळ खर्च करा. पुढची कित्येक वर्षे तीच तुमच्या घरच्यांना वांगी भाजून घालील.