वासाच्या तंतूंना मेंदूचा पत्ता कोण सांगतो?

विलेपार्ले आले की लोकलमध्ये डुलक्या घेणाऱ्यालाही कळत असे. बिस्किटांचा खरपूस वास थेट डब्यात शिरायचा. २०१६मध्ये तो कारखाना बंद झाला, तरी अनेक पार्लेकरांना तो वास आजही आठवतो. वास टिपते नाक, पण ओळखतो मेंदू. त्यासाठी नाकातल्या चेतापेशींचे तंतू मेंदूतल्या नेमक्या जागी पोहोचावे लागतात.

माणसाच्या नाकात वास टिपणारे सुमारे ४०० प्रकारचे रिसेप्टर असतात. प्रत्येक चेतापेशी साधारणपणे एकाच प्रकारचा रिसेप्टर बाळगते आणि एका जातीच्या पेशींचे तंतू मेंदूत ठरावीक गुच्छांतच एकत्र येतात. वासाच्या या जनुकांचा शोध लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१मध्ये जाहीर केला. २००४मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

पण तंतूला आपला जोडीदार सापडतो कसा? मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आणि आपली जनुके जेमतेम २० हजार. प्रत्येक जोडणीसाठी वेगळे जनुक असणे शक्यच नाही. १९६३मध्ये रॉजर स्पेरी यांनी मांडले, की पेशींच्या पृष्ठभागावरील रासायनिक खुणा तंतूंना वाट दाखवतात. पिनकोड, मग रस्ता, मग इमारत, अशा टप्प्याटप्प्याने पत्र पोहोचावे तसे हे घडते. थोड्या खुणा वेगवेगळ्या प्रकारे एकत्र आल्या, की असंख्य पत्ते तयार होतात. फळमाशीतील ‘डीस्कॅम’ या एकाच जनुकापासून ३८ हजारांहून अधिक प्रकारची प्रथिने बनू शकतात.

या शास्त्रात मुंबईचाही वाटा आहे. डॉ. ओबेद सिद्दिकी यांनी १९६२मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. पिकल्या केळ्यांवर घोंघावणाऱ्या इवल्या फळमाशीवर तिथे काम उभे राहिले. केनियात जन्मलेल्या डॉ. व्हेरॉनिका रॉड्रिग्ज त्यांच्याकडे संशोधनासाठी आल्या आणि माशीच्या वाससंस्थेचा त्यांनी दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांच्या गटाला दिसले, की ‘एटोनल’ जनुकावर अवलंबून असलेल्या पेशींचे तंतू आधी निघून वाट पाडतात. ते नसतील तर मागून येणाऱ्या तंतूंची मेंदूतली जोडणी बिघडते.

माणसात वाट चुकली तर काय होते, हे ‘कालमन सिंड्रोम’मध्ये दिसते. त्यामागच्या जनुकांपैकी पहिले १९९१मध्ये सापडले. गर्भात नाकातले तंतू मेंदूकडे जाताना त्यांच्याच आधाराने आणखी काही पेशी प्रवास करतात. या पेशी पुढे पौगंडावस्था सुरू करणाऱ्या संप्रेरकाचा संदेश देतात. तंतू पोहोचले नाहीत, तर या पेशीही वाटेतच अडकतात. परिणामी मुलाला वास येत नाही आणि तो वयातही येत नाही.

घरोघरी मात्र ‘आमच्याकडे सगळेच उशिरा मोठे होतात’ म्हणून दिवस ढकलले जातात. पुष्कळदा ते खरेही असते. तरीही १४ वर्षे पूर्ण होऊनही मुलामध्ये किंवा १३ वर्षे पूर्ण होऊनही मुलीमध्ये वयात येण्याची चिन्हे नसतील, तर तपासणी करावी. त्यातही मुलाला लवंग, कॉफी किंवा फोडणीचा वास येतो का, हे मुद्दाम पाहावे. जन्मतः वास नसलेले मूल तक्रार करत नाही, कारण काय हरवले आहे हेच त्याला ठाऊक नसते. काही कुटुंबांत हा दोष आईकडून येतो, त्यामुळे मामाची चौकशीही उपयोगी ठरते.

सुरुवात घाटकोपरच्या राजावाडी किंवा जुहूच्या कूपर रुग्णालयातील बालरोग विभागात करता येते. पुढील तपासण्यांसाठी परळच्या केईएममध्ये अंतःस्रावी ग्रंथींचा विभाग आहे. हरवलेला वास औषधाने परत येत नाही. संप्रेरकांच्या उपचाराने मात्र मूल वयात येते, हाडे बळकट होतात आणि योग्य उपचारांनी अनेकांना पुढे अपत्यही होऊ शकते. घरात अशी व्यक्ती असेल तर गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र जरूर बसवावे.