गिधाडं गेली, कुत्री वाढली

पूर्वी बैल मेला की गाव त्याला वेशीबाहेर ओढून टाकी; पुढचं काम आभाळातून उतरे. मोठा थवा बसला तर तासाभरात हाडं उरत. गिधाडाच्या जठरातलं आम्ल इतकं जहाल, की सडक्या मांसातले बहुतेक जंतू तिथेच मरतात. एवढं करूनही अभद्र म्हणून हिणवला गेलेला हा पक्षी.

१९९० च्या दशकात राजस्थानातल्या भरतपूरला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांच्या लक्षात आलं, की गिधाडं माना टाकून बसतात आणि मरतात. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडं देशात ९९.९ टक्क्यांनी घटली.

कारण सापडलं २००४ मध्ये, तेही पाकिस्तानात. मेलेल्या गिधाडांच्या काळजावर, यकृतावर खडूसारखा पांढरा थर होता. मूत्रपिंडं निकामी झाल्याने साठलेलं युरिक आम्ल ते. दोष निघाला डायक्लोफिनॅकचा. लंगडणाऱ्या, सुजलेल्या जनावराला द्यायचं स्वस्त वेदनाशामक. शेतकऱ्याने ते मायेनेच टोचून घेतलेलं असे. असं जनावर मेलं, की औषध मढ्यातून गिधाडांच्या पोटात जाई. घातक प्रमाणात औषध असलेली मढी शेकड्यात एकाहून कमी असती, तरी सबंध जात संपायला पुरेशी होती, कारण एकाच मढ्यावर अख्खा थवा जेवतो.

मढी मात्र पडतच राहिली. ती कुत्र्यांनी खाल्ली, कुत्री वाढली आणि त्यांच्यासोबत रेबीजचा धोकाही. मुंबईत डुंगरवाडीवर प्रेतं गिधाडांसाठी ठेवणाऱ्या पारशी समाजाला त्यांच्याऐवजी सूर्यकिरण एकवटणारी यंत्रं बसवावी लागली. ऐअल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थतज्ज्ञांनी गिधाडं पूर्वी भरपूर असलेले जिल्हे आणि मुळातच विरळ असलेले जिल्हे यांची तुलना केली. २००० ते २००५ या काळात गिधाडांअभावी सुमारे पाच लाख माणसं जास्त मेली, असा त्यांचा २०२४ मधला अंदाज आहे. आकड्यावर वाद घालता येईल. दिशेवर घालणं अवघड.

२००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. पण माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांच्या डॉक्टरांकडे पोहोचतच होत्या. २०१५ मध्ये कुपी तीन मिलीची केली, म्हणजे एका गाईसाठी कितीतरी कुप्या फोडाव्या लागतात. ही युक्ती नुसत्या बंदीपेक्षा शहाणी. मेलॉक्सिकॅम हा निर्धोक पर्यायही आहे. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅकही गुरांसाठी बंद झाली.

हरियाणातल्या पिंजोरला गिधाडांची पैदास चालू आहे, पण मादी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लू वयात यायला पाचेक वर्षं जातात.