कडेकडेने अक्षर

दिवाळी आठ दिवसांवर आली की घरातली कात्री कधी जागेवर सापडत नाही. कंदिलाचे कागद, झिरमिळ्या, दारावरची अक्षरे, साऱ्यांना तीच हवी असते. आता या कात्रीला एक भाऊबंद आला आहे. गाड्यांवरची नावे आणि दुकानांचे स्टिकर कापून देणाऱ्यांकडे एक यंत्र असते. संगणकावर आकृती तयार करून नेली, की त्यातले बारीकसे पाते ती आकृती कागदातून कापून देते.

पण हे यंत्र सांगितले तेवढेच करते. काय सांगायचे, हे शिकण्यात माझ्या दोन महिन्यांच्या दुपारी गेल्या.

निमित्त झाले अण्णांच्या कागदाचे. माझे वडील दर दिवाळीला बोरूने ‘शुभ दीपावली’ लिहीत आणि त्याबरहुकूम काळ्या जाड कागदातून अक्षरे कापून ती कंदिलावर चिकटवीत. त्यांच्या शेवटच्या दिवाळीचा कागद धाकट्या बहिणीने जपून ठेवला होता. यंदा आम्हां तिघी बहिणींच्या दारी तेच अक्षर लागावे, असे ठरले. छापील अक्षरे बाजारात ढीगभर मिळतात. अण्णांचे मिळत नाही.

भाच्याने संगणकावर ‘इंकस्केप’ घालून दिले. ते फुकट मिळते. २००३ पासून ठिकठिकाणची हौशी मंडळी ते घडवीत आली आहेत. कागदाचा फोटो त्यात घेऊन ‘ट्रेस’ म्हटले, की शाईच्या कडेने रेघ उमटते. ही रेघ म्हणजे बिंदूंची माळच. दोन बिंदूंमधला बाक किती आणि कुणीकडे, हे बिंदूला फुटलेल्या दांड्या ठरवितात. दांडी लांबविली की बाक फुगतो, फिरविली की वळतो. ही युक्ती निघाली फ्रान्समधल्या मोटारींच्या कारखान्यांत. सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ साली आणि पुढे रेनोमध्ये पिएर बेझिए यांनी पत्र्याचे बाक गणितात बसविले. नाव मात्र बेझिए यांचे राहिले. मोटारीच्या अंगासाठी निघालेली ती रेघ आज आमच्या वेलांटीच्या कामी येते!

डोळ्यांना सुबक दिसणाऱ्या वर्तुळाला असे चार बिंदू पुरतात. ट्रेसने मात्र अण्णांच्या एकट्या ‘शु’ला शंभरावर बिंदू दिले होते. कागदाचा खरखरीतपणा, शाईचा फुटवा, सगळे त्यात आले. इतक्या बिंदूंवर पाते अडखळते आणि कागद फाटतो. यावर ‘सिंप्लिफाय’ अशी एक आज्ञा आहे. ती दिली की बिंदू भराभर गळतात आणि अक्षर गुळगुळीत होते.

पण शेवटच्या दिवाळीला अण्णांचा हात कापत होता. ‘ली’च्या वेलांटीत तो कंप स्पष्ट दिसतो. आज्ञेला काय, शाईचा फुटवा नि हाताचा कंप सारखाच! म्हणून मी एकेक बिंदू पाहून काढायचे ठरविले. फुटवा बारीक आणि वेडावाकडा असतो. कंप लांब लाटेसारखा चालतो. फुटव्याचे बिंदू मी काढले, लाटेचे राखले. वेलांटीला दुपार लागली, पण ती अण्णांचीच राहिली.

त्यानंतर भाच्याने धडा दिला. “मावशी, यंत्राला रंग दिसत नाही, फक्त कड दिसते.” पडद्यावर भरीव काळे दिसणारे अक्षर रंग काढून पाहिले, की आतल्या भानगडी कळतात. कुठे कड जुळलेली नसते. मग तुकडा कागदातून सुटत नाही. कुठे एकावर एक दोन रेघा असतात. मग पाते तिथून दोनदा जाते. छापील अक्षरे वापरणाऱ्यांनी तर फार जपावे. शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा बहुधा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात, आणि यंत्र प्रत्येक सांध्यावर आडवा छेद देते. म्हणून आधी अक्षरांच्या आकृती करून त्या ‘युनियन’ने एकजीव कराव्यात. मग शिरोरेषा सगळा शब्द एका काठीवर तोरणासारखा धरून ठेवते. रोमन अक्षरांना हे सुख नाही.

आपल्या ‘शुभ’ने मात्र पेच टाकला. ‘भ’ची शिरोरेषा डावीकडे तुटलेली, त्यामुळे ‘शु’ एकीकडे आणि ‘भ’ दुसरीकडे सुटतो. वरून रेघ जोडावी, तर ‘भ’चा ‘म’ होतो आणि दारावर ‘शुम दीपावली’ लागते! उपाय असा, की ‘शु’च्या कान्यापासून ‘भ’च्या पोटापर्यंत मधोमध एक बारीक पूल ठेवावा. तो लांबून दिसत नाही आणि वाचण्याच्या आड येत नाही. अनुस्वार आणि चंद्रबिंदू यांचेही तसेच. ते हवेत तरंगतात, तेव्हा त्यांना एक तर पूल द्यावा, नाही तर वेगळे चिकटवावे.

अक्षरे पोकळ कापून त्यांतून उजेड पाडायचा असेल, तर हिशेब उलटा होतो. मग ‘प’ आणि ‘व’ यांची पोटे आणि दोन्ही वेलांट्यांच्या कमानी गळून पडतात, आणि पूल तिथे ठेवावे लागतात. धान्याच्या गोण्यांवर पत्र्याच्या साच्याने छापलेली अक्षरे मधेमधे तुटलेली का असतात, ते मला या वयात उमगले.

तेव्हा यंदा कंदील करणार असाल, तर अक्षर आधी साध्या कागदावर काढून एकदा कात्रीने कापून पाहा. काय सुटते, काय गळते, कुठे पूल हवा, ते हाताला लगेच कळते. संगणक नसेल तरी अडत नाही, हे कायदे कात्रीलाही लागू आहेत. आणि घरात कुणा वडीलधाऱ्यांच्या हातचा कागद असेल, तर त्याचा फोटो आजच काढून ठेवा. शाई फिकी पडत जाते. एकदा कड धरून ठेवली, की ती कितीही दिवाळ्या कापता येते.