बोटीवरून उतरल्यावर एक रात्र कुठे काढायची?

सोमवारी सिंगापूरहून निघालेली आमची क्रूझ पेनांग आणि फुकेत करून शुक्रवारी सकाळी पुन्हा सिंगापूरच्या बंदराला लागणार होती. मुंबईचं विमान शनिवारी रात्रीचं. मधे एक रात्र आणि हातात जेमतेम दीड-पावणेदोन दिवस. क्रूझची केबिन कुठली घ्यायची यावर घरात महिनाभर चर्चा झाली होती. या एका रात्रीच्या हॉटेलावर मात्र आम्ही पंधरा मिनिटंसुद्धा घालवली नाहीत. "झोपायलाच तर जायचंय" असं म्हणून मोबाइलवर सगळ्यात स्वस्त दिसलं ते बुक करून टाकलं. पैसे परत न मिळणारं बुकिंग होतं, म्हणून आणखी स्वस्त.

आम्ही सहाजण होतो. आम्ही दोघं, दोन मुलं, अब्बा आणि अम्मी. अब्बांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळेच घडलं. आमच्या कोकणातल्या कितीतरी घरांसारखं आमचं घरही बोटीच्या पगारावर उभं राहिलेलं. अब्बा तीस वर्षं मालवाहू जहाजांवर होते. सिंगापूरला त्यांचं जहाज अनेकदा लागलं, पण शहर त्यांनी पाहिलं ते तासांच्या हिशेबाने. चार तासांची सुट्टी, त्यात घरच्यांसाठी कापड, घड्याळं, मुलांचे बूट, आणि पळत पळत परत जहाजावर. एकदाच शुक्रवार जुळून आला आणि सुलतान मशिदीत जुमा मिळाला. तो सोनेरी घुमट त्यांनी आम्हाला लहानपणापासून इतक्यांदा सांगितलाय की न पाहताच आम्हाला पाठ होता. क्रूझला ते तयार झाले तेच मुळी "शुक्रवारी सकाळी बोट लागते ना?" असं विचारून. आता गुडघ्यांनी साथ सोडलेली, काठी हातात, पाचशे पावलं झाली की बसावं लागतं.

निघायच्या दहा दिवस आधी सिंगापूरला नोकरीला असलेल्या आमच्या एका नातलगाला हॉटेलचा पत्ता पाठवला. त्याचा लगेच फोन आला. "हे गेलांगच्या गल्लीतलं आहे. अब्बा-अम्मींना घेऊन इथे उतरणार?" तेव्हा कळलं की गेलांगच्या काही गल्ल्या वेश्यावस्तीच्या आहेत, आणि स्वस्त हॉटेलं तिथेच दाटीने आहेत. फोटोत खोली चकचकीत, पलंग पांढराशुभ्र. गल्ली काही फोटोत येत नाही. गेलांग सगळंच वाईट असं मात्र नाही. तिथे मशिदी आहेत, उत्तम खाणं आहे. शिवाय 'गेलांग सराय' हा जवळचाच पण वेगळा भाग, मलय मुसलमानांचा जुना बाजार, रमजानमध्ये उजळून निघणारा. नावं सारखी असल्यामुळे आपली माणसं फसतात. आम्ही फसलो. एका रात्रीचे पैसे बुडाले ते बुडाले.

मग नकाशा उघडून नीट बसलो. पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की सिंगापूरला क्रूझची बंदरं दोन आहेत. एक मरीना बे क्रूझ सेंटर, दुसरं हार्बरफ्रंटचं सिंगापूर क्रूझ सेंटर. तिकिटावर कोणतं लिहिलंय ते आधी पाहावं, कारण हॉटेलचा हिशेब तिथून सुरू होतो. मरीना बेला जवळचं मेट्रो स्टेशन मरीना साऊथ पिअर. स्टेशन आणि बंदर यांच्यात बॅगा ओढत चालावं लागतं. हार्बरफ्रंटला मात्र स्टेशन बंदराला लागूनच आहे आणि तिथून जांभळ्या लाइनची गाडी थेट लिटल इंडिया, फॅरर पार्कला जाते. तिथे मुस्तफा सेंटर. खरेदीवाल्यांचा मुक्काम बहुधा त्याच बाजूला असतो.

आमची बोट मरीना बेची. 'बंदराच्या जवळ' म्हणून मरीना बेच्या काचेच्या उंच हॉटेलांकडे पाहिलं, किंमत पाहिली आणि नकाशा दुसरीकडे सरकवला. सेंटोसा बेट मुलांना हवं होतं. पण एका रात्रीसाठी बेटावर जाऊन राहायचं म्हणजे शहरात यायला-जायलाच दिवस संपणार. ऑर्चर्ड रोडला दुकानं आहेत, आम्हाला दुकानं नको होती. चायनाटाउनचा मात्र विचार केला. कारण तिथे साऊथ ब्रिज रोडवर चुलिया मुसलमानांनी, म्हणजे तमिळ किनाऱ्यावरून आलेल्या व्यापाऱ्यांनी, १८२६ साली स्थापन केलेली जामे मशीद आहे. चायनाटाउन म्हटलं की आपली माणसं नाक मुरडतात, पण ही सिंगापूरच्या सगळ्यात जुन्या मशिदींपैकी एक.

शेवटी प्रश्न सोपा करून घेतला. या दीड दिवसात अब्बांना आपल्या पायांनी कुठे जायचंय? मशिदीत. मग मशिदीपासूनच मोजायला लागलो. सुलतान मशीद कामपोंग ग्लाम या भागात आहे. सिंगापूर इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर हा भाग सुलतान हुसेन शाहला दिला गेला. पहिली मशीद १८२४च्या सुमाराची. आज दिसते ती इमारत १९३२ साली पूर्ण झालेली. तिच्या घुमटाखाली जो काळसर पट्टा दिसतो तो काचेच्या बाटल्यांच्या बुडांचा आहे. गरिबांनाही मशिदीच्या कामात वाटा देता यावा म्हणून त्यांच्याकडून बाटल्या घेतल्या, असं तिथे सांगतात.

याच मशिदीसमोरच्या बुसोरा स्ट्रीटच्या परिसरात पूर्वी हाजींचा मुक्काम असे. जावा-सुमात्रा आणि आसपासच्या बेटांवरून लोक इथे यायचे, जहाजाची वाट पाहायचे आणि जेद्दाला निघायचे. हे वाचलं आणि अब्बांना मुंबईचा क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना आठवला. १९९५ पर्यंत मुंबईहून बोटीने हज होत होता. त्यांच्या वालिदांना सोडायला अख्खं गाव मुसाफिरखान्यात जाऊन राहिलं होतं. "बंदर जवळ, मशीद जवळ, भटारखाना जवळ," अब्बा म्हणाले, "त्या लोकांनी जागा बघून बांधलं होतं. तुम्ही फोटो बघून घेतलंत." आम्ही काय बोलणार?

कामपोंग ग्लामच्या आसपास हॉटेलं पुष्कळ, पण तिथेही डोळे उघडे ठेवावे लागतात. जुन्या दुमजली-तिमजली दुकानघरांची हॉटेलं दिसायला फार देखणी. पण त्यांतल्या काहींना लिफ्ट नाही, आणि लाकडी जिना असा उभा की मुलंही हात धरून चढतील. स्वस्त खोल्यांना अनेकदा खिडकीच नसते. 'खिडकी नाही' हे जाहिरातीत बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, नीट वाचलं तर सापडतं. हाजी लेन नावाची गल्ली नावावरून शांत वाटेल, पण रात्री तिथे गाणं-बजावणं आणि बार चालतात. त्या बाजूची खोली घेतली तर फजरपर्यंत डोळ्याला डोळा लागायचा नाही. आम्ही हॉटेलला मेल करून चार गोष्टी लेखी विचारल्या: लिफ्ट आहे का, तळमजल्यापासून लिफ्टपर्यंत पायऱ्या किती, खोली रस्त्याच्या कोणत्या बाजूला, आणि टॉयलेटला पाण्याचा जेट आहे का. शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नये. घरातल्या मोठ्यांची अर्धी चिंता तिथेच असते. ज्या हॉटेलने दोन दिवस उत्तरच दिलं नाही ते आम्ही यादीतून काढलं.

पैशांचंही ऐका. सिंगापूरमध्ये दरापुढे अनेकदा अधिकची दोन चिन्हं असतात, लोक त्याला 'प्लस प्लस' म्हणतात. म्हणजे त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि मग ९ टक्के जीएसटी. २०० डॉलरची खोली हातात येईपर्यंत २३९ डॉलर ८० सेंटची होते. स्वस्त-महाग ठरवताना हा शेवटचा आकडा धरावा. शिवाय आपल्याकडे 'मुलं आमच्यातच झोपतील' हे चालून जातं. तिथे खोलीत माणसं किती याचा नियम असतो, म्हणून सहाजणांसाठी आम्हाला दोन खोल्या घ्याव्याच लागल्या. एकमेकींना आतून दार असलेल्या मागितल्या, मिळाल्या.

व्हिसाचं एक वाक्य इथेच सांगून टाकतो. क्रूझला निघताना तुम्ही सिंगापूर सोडता आणि परतताना पुन्हा आत येता, म्हणून व्हिसा एकाहून जास्त वेळा प्रवेश देणारा आहे ना हे निघण्याआधी पाहा. आणि कुणाच्या घरातल्या आजीला मिश्री लागत असेल तर ती घरी ठेवा. खाण्याच्या तंबाखूवर तिथे बंदी आहे.

गुरुवारी रात्री बोटीवर सांगितलं की मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवा, सकाळी बंदरावर मिळतील. सगळ्या बॅगा बाहेर गेल्यावर अम्मींना आठवलं की अब्बांचा जुम्याचा कुर्ता आणि टोपी त्यांतच आहे. रात्री अकराला पॅसेजमध्ये बसून बॅगा उघडल्या. औषधं, एक जोडी कपडे आणि जानमाज हातातल्या पिशवीत ठेवायची, हे आधी सुचायला हवं होतं.

शुक्रवारी सातला बोट लागली, नंबर येऊन बाहेर पडेपर्यंत साडेनऊ. मेट्रोने सिटी हॉलला गाडी बदलून बुगिस फक्त चौथं स्टेशन, पण अब्बा आणि सहा बॅगा पाहता आम्ही मोठी टॅक्सी केली. साध्या टॅक्सीत चारच माणसं बसतात, मुलंही मोजली जातात. हॉटेलात दहाला पोचलो. खोली तीन वाजता मिळणार होती. बोटीवरून उतरणाऱ्यांचा खरा अडचणीचा काळ हाच, सकाळी दहा ते दुपारी तीन. जवळच्या जागेची किंमत तेव्हाच कळते. बॅगा हॉटेलात ठेवल्या, तोंडं धुतली आणि चालत निघालो. तिथल्या जुन्या दुकानांसमोरून छत असलेली पायवाट जाते. ऊन किंवा पाऊस, काठी टेकत चालणाऱ्याला ती फार सोयीची. अब्बा दोनदा थांबले. दुसऱ्यांदा थांबले तेव्हा समोर घुमट होता.

बराच वेळ ते काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "आजूबाजूच्या या उंच इमारती नव्हत्या."

जुमा एकच्या सुमारास. खुतबा मलय भाषेत, एक अक्षर कळलं नाही; अब्बांना खुर्ची मिळाली. बायकांसाठी नमाजाची वेगळी सोय आहे. अम्मी आयुष्यात फार थोड्या वेळा मशिदीत नमाज पढल्या असतील, आमच्या गावात तशी सोय नाही. बाहेर आल्यावर त्यांचा चेहरा आम्ही पाहिला आणि काही विचारलं नाही.

खाण्याची चिंता त्या भागात नव्हतीच. मशिदीसमोर नॉर्थ ब्रिज रोडला 'झमझम' हे १९०८ पासूनचं हॉटेल, तिथला मटणाचा मुर्तबक मुलांनी दोनदा मागवला. इतर ठिकाणी 'मुईस'चं, म्हणजे तिथल्या इस्लामी परिषदेचं, हलाल प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं असतं. हॉकर सेंटरमध्ये उष्टी ताटं ठेवायची जागाही हलाल आणि बिगर-हलाल अशी वेगळी. मुलांना याचं फार अप्रूप वाटलं.

संध्याकाळी मुलांना मेट्रोने मरीना बेचे दिवे दाखवून आणले. अब्बा-अम्मी खोलीवर राहिले. ते कंटाळले असतील म्हणून आम्ही घाईने परतलो, तर दोघं बुसोरा स्ट्रीटवर खुर्च्या टाकून चहा पीत बसलेले. कुणी नेलं नव्हतं, आपले आपण गेले होते.

दुसऱ्या दिवशी खोली बाराला सोडली, बॅगा पुन्हा हॉटेलातच ठेवल्या आणि मुस्तफा गाठलं. समोरच सरंगून रोडला अंगुलिया मशीद, एका गुजराती व्यापारी घराण्याची, त्यामुळे जुहरची सोय झाली. रात्री चांगीला जायला पुन्हा टॅक्सी. हलकं सामान असेल तर बुगिसहून मेट्रोने तानाह मेराहला गाडी बदलली की विमानतळ.

सकाळची गोष्ट मात्र राहिली. शनिवारी आम्ही उठलो तर अब्बांचा पलंग रिकामा. काठी नाही, चपला नाहीत. फोन उशाशी. अम्मी घाबरल्या, आम्ही लिफ्टकडे धावलो. दार उघडलं तर आत अब्बाच उभे, टोपी घातलेली, हातात गरम परोट्यांचं पुडकं. फजर मशिदीत पढून, वाटेत दोनदा बसून, विचारत विचारत नाश्ता घेऊन आले होते.

"घाबरताय काय," ते म्हणाले, "बंदरात उतरलो की मी एकटाच फिरायचो."