हातघाईत बंदूक चालते का?

मे महिन्यातला रविवार, रात्रीचे साडेअकरा. डायनिंग टेबलवर ताटांऐवजी थर्माकोलचे पडके वाडे, मूठभर फासे, मोजायची टेप आणि बोटाएवढे रंगवलेले सैनिक. माझ्या पाच शिपायांनी चुलतभावाच्या रणगाड्याला गराडा घातलाय.

तो म्हणतो, "ताई, रणगाडा फायर करणार."

"अरे, शत्रू अंगाला भिडलाय. आता कसलं फायरिंग? नाही चालत."

तो बारावीतला, मी बावीसची. नियमांचं पुस्तक माझं आणि आवाजही माझाच मोठा. त्याची पाळी वाया गेली, डाव हरला आणि रणगाडा डब्यात भरून तो न बोलता घरी गेला. दोन महिने खपून रंगवला होता त्याने तो.

मिनिएचर वॉरगेम खेळत असाल, तर हे भांडण तुमच्याही टेबलवर कधीतरी झालं असेल. खेळत नसाल तर थोडक्यात सांगते. इथे बुद्धिबळासारखी घरं नसतात. सैनिक इंच मोजून सरकवायचे आणि नेम लागला की हुकला, ते फासे सांगतात. एच. जी. वेल्सने १९१३ मध्ये 'लिटिल वॉर्स' लिहिलं, तेव्हा खेळण्यातल्या तोफेतून खरोखरच लाकडी गोळी मारून शिपाई पाडायचे. पडला तो मेला, वादच नाही! फासे आले आणि वाद सुरू झाले.

आम्ही खेळतो ते 'वॉरहॅमर ४०,०००', ब्रिटनच्या गेम्स वर्कशॉपचा १९८७ पासूनचा खेळ. २०२३ च्या दहाव्या आवृत्तीत शत्रू आडवा १ इंच आणि उभा ५ इंच यांच्या आत आला, की तुम्ही एंगेजमेंट रेंजमध्ये, म्हणजे आपल्या भाषेत हातघाईवर. मग साध्या तुकडीच्या रायफली बंद. पिस्तूल मात्र चालतं, तेही समोर भिडलेल्यावरच. लांबच्या कुणावर नाही.

रणगाडा आणि राक्षसी प्राणी यांना सूट आहे. भिडलेले असतानाही ते गोळ्या झाडू शकतात, फक्त नेमाच्या फाशातून १ वजा. म्हणजे एरवी ४ ला लागणारा नेम ५ ला लागणार. भाऊ बरोबर होता! मग मी इतक्या ठामपणे का बोलले? कारण माझं पुस्तक एका सीनियरकडून आलेलं, २०१७ च्या आठव्या आवृत्तीचं. त्यात रणगाड्यालाही बंदी होती. सूट आली २०२० च्या नवव्या आवृत्तीत. तुमच्या ग्रुपमध्ये नियमांवरून कुणी अडून बसलं, तर आधी त्याच्या पुस्तकाचं वर्ष बघा.

अर्थात भाऊही पूर्ण बरोबर नव्हता (हे मी त्याला जरा उशिरा सांगितलं). त्याला मोठी तोफ डागायची होती. ती ब्लास्ट प्रकारातली. आपली कुठलीही तुकडी, अगदी तो रणगाडा स्वतःसुद्धा, ज्या शत्रूला भिडलाय त्याच्यावर ब्लास्ट टाकता येत नाही. मशीनगन चालली असती.

आता दुसरा प्रश्न. तुमची माणसं शत्रूशी झुंजतायत आणि तुमचाच नेमबाज लांब उभा आहे. मारायचं का? इथे साध्या तुकडीवर मनाई आहे. समोर रणगाडा किंवा राक्षस असेल तरच परवानगी, तीही १ वजा करून. म्हणून मुरलेले खेळाडू आपल्या पाळीत आधी भिडलेली तुकडी मागे घेतात. तिला त्या पाळीत सहसा गोळीबार करता येत नाही, पण मैदान मोकळं होतं आणि बाकीच्यांना नेम मिळतो.

प्रत्येक खेळाचा स्वभाव वेगळा. 'फ्रॉस्टग्रेव्ह'मध्ये झुंजीत बाण मारता येतो, पण तो कुणाच्या वाट्याला जाणार ते फासा ठरवतो. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वरच्या खेळात तर मला फार आवडलेली गोष्ट आहे: चांगल्यांच्या बाजूला झुंजीत बाण मारायला बंदी, दुष्टांना मात्र मुभा. आपलाच माणूस मेला तर त्यांना काय फरक पडतो!

तुम्ही खेळायला बसाल तेव्हा फासे काढण्याआधी कुठली आवृत्ती, ते ठरवून घ्या. दहाव्या आवृत्तीचे मूळ नियम कंपनीने मोफत दिले होते, त्यामुळे जुन्या पुस्तकावर अडून बसायचं माझ्याकडे तरी काही कारण नव्हतं. मध्येच अडलंच तर फासा टाकून पुढे जा, शोधाशोध डाव संपल्यावर करा.

मी त्याला सॉरी म्हटलं. तीन रविवार तो आलाच नाही. चौथ्या रविवारी मोबाइलमधला त्या रात्रीचा फोटो बघून आम्ही सैनिक होते तसे मांडले आणि त्याची ती पाळी पुन्हा खेळलो. मशीनगनचे सहा फासे, ५ च्या वर हवे होते. दोन लागले, माझे दोन शिपाई गेले.

"आता तुझी पाळी, ताई," तो म्हणाला.