३०६० की ४०६०? मावसभावाला मी घाईत उत्तर दिलं

या एपिसोडमध्ये आकडे भरपूर आहेत, म्हणून बोललेलं जरा नीट करून इथे लिहून ठेवतोय. बसमध्ये इअरफोन लावून ऐकलं असेल आणि डोक्यावरून गेलं असेल, तर आता निवांत वाचा.

प्रश्न जुनाच आहे. एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० घ्यायचं की ४०६०? सांगलीच्या माझ्या मावसभावाने मला हेच विचारलं होतं. मावशीची भिशी लागली होती आणि त्यातले पैसे तिने याच्या कार्डासाठी बाजूला काढले होते. "दादा, एकदाच घेणार आहे, नीट सांग." मी लंच ब्रेकमध्ये दोन बेंचमार्क व्हिडिओ बघितले आणि सांगून टाकलं, "४०६० घे, नवीन आहे." गेमिंगसाठी ते उत्तर ठीक होतं. पण तू त्यावर करणार काय आहेस, हे मी विचारलंच नाही.

आधी आकडे बघू. ३०६० फेब्रुवारी २०२१ मध्ये आलं, ४०६० जून २०२३ मध्ये. जुन्यात ३,५८४ कुडा कोअर आहेत, नव्यात ३,०७२. हो, नव्यात कमी! पण नवं कार्ड पळतं जोरात. बूस्ट क्लॉक ३०६०चा १.७८ गिगाहर्ट्झ, ४०६०चा २.४६. प्रत्येक कोअर एका सायकलमध्ये दोन गणितं करतो असं धरून गुणाकार केला, तर जुनं येतं १२.७ टेराफ्लॉप्सच्या आसपास आणि नवं १५.१. वीजही नवं कमी खातं, १७० वॅटऐवजी ११५. रोज चार तास पूर्ण लोडवर गेम खेळलात तर महिन्याला साधारण साडेसहा युनिट वाचतात. युनिटला दहा रुपये धरा, ६५ रुपये झाले. तेव्हा वीजबिलाचं कारण घरी सांगू नका, आई हिशोब मागेल. उन्हाळ्यात खोली थोडी कमी तापते, हा मात्र खरा फायदा.

आता खरी गंमत मेमरीत आहे. ३०६०ला १२ जीबी आणि १९२ बिटची बस, ४०६०ला ८ जीबी आणि १२८ बिटची. बस म्हणजे चिप आणि मेमरी यांच्यामधला रस्ता. जुन्याचा वेग दर लाइनला सेकंदाला १५ गिगाबिट. १९२ गुणिले १५ भागिले ८, म्हणजे सेकंदाला ३६० जीबी. नव्याचा वेग १७, पण रस्ता अरुंद, त्यामुळे २७२ जीबी. दोन वर्षांनी आलेल्या कार्डाचा रस्ता जुन्यापेक्षा लहान!

मग ४०६० गेममध्ये पुढे कसं? एल२ कॅशमुळे. किराणा दुकानदार चहा-साखर काउंटरवर हाताशी ठेवतो आणि क्वचित लागणारा माल मागच्या गोदामात. ३०६०चं काउंटर ३ एमबीचं होतं, ४०६०चं २४ एमबीचं. गेममध्ये एकाच फ्रेमसाठी तोच डेटा पुन्हापुन्हा लागतो, त्यामुळे गोदामात जायच्या फेऱ्याच कमी होतात. म्हणून १०८०पीला बऱ्याच गेममध्ये ४०६० साधारण १५ ते २० टक्के पुढे असतं. शिवाय डीएलएसएस ३चं फ्रेम जनरेशन फक्त त्यातच आहे. पण ते दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक तयार केलेली फ्रेम घालतं. आकडा वाढतो, चित्र गुळगुळीत दिसतं, माऊसला मिळणारा प्रतिसाद काही त्या प्रमाणात सुधारत नाही. आणि या सोयीलाही थोडी मेमरी लागतेच.

माझ्या भावाला मात्र शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी घरच्या पीसीवर भाषा मॉडेल चालवायचं होतं. १३ अब्ज पॅरामीटरचं. ४ बिटमध्ये दाबलं तरी प्रत्येक पॅरामीटरला अर्धा बाइट, म्हणजे साडेसहा जीबी कमीत कमी. फाइलमध्ये बाकी गोष्टी धरून ती आठच्या जवळ गेली. वर संभाषणाचा संदर्भ साठवायला जागा हवी, आणि विंडोजही थोडी व्हीआरएएम अडवून बसतं. १२ जीबीत हे आरामात मावलं असतं. ८ मध्ये नाही मावलं.

आणि इथे काउंटरची युक्तीही चालत नाही. मॉडेल प्रत्येक टोकन तयार करताना जवळपास सगळं गोदाम एकदा चाळतं. कित्येक जीबींपुढे २४ एमबी कुठे पुरणार? म्हणजे ज्या कामात मॉडेल दोन्ही कार्डांत मावतं, तिथेही रुंद रस्त्यावरच्या ३०६०ला टोकनच्या वेगात फायदा आहे.

जे मावत नाही ते साध्या रॅममध्ये जातं, आणि इथे आणखी एक बाब मी बघितली नव्हती. ४०६० पीसीआयई ४.० वापरतं, पण ८च लेन. ३०६० १६ लेन वापरतं. भावाचा मदरबोर्ड जुना, पीसीआयई ३.० चा. त्यावर ८ लेन म्हणजे सेकंदाला जेमतेम ८ जीबी. कुठे २७२ आणि कुठे ८. त्याचा मेसेज आला, "दादा, एकेक शब्द थांबून थांबून येतोय." दुकानदाराने कार्ड परत घेतलं नाही, आणि त्यात त्याची चूकही नव्हती.

ब्लेंडरवाल्यांसाठी वेगळं उत्तर आहे. सीन ८ जीबीत मावत असेल तर सायकल्समध्ये ४०६० चांगलंच वेगवान. मोठे टेक्स्चर, भरपूर झाडंझुडपं असलेला सीन असेल तर ३०६०. आज कोणतं कार्ड आहे त्यावर तुमचं सगळ्यात जड काम उघडा आणि टास्क मॅनेजरमध्ये डेडिकेटेड जीपीयू मेमरी किती भरते ते बघा. सातच्या वर जात असेल तर ८ जीबीचा विचार सोडा.

आणि सेकंड हँड ३०६० घेणार असाल तर एक सापळा सांगतो. त्याच नावाने ८ जीबीचंही कार्ड आलं होतं, १२८ बिटचं, २४० जीबी वेगाचं. म्हणजे ४०६०पेक्षाही कमी. खोक्यावर ३०६० वाचून पैसे देऊ नका. जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर विक्रेत्याच्याच पीसीवर चालवायला लावा, १२ जीबी आणि १९२ बिट दिसलं की मगच पुढे बोला.

भावाने शेवटी ७ अब्जवालं मॉडेल घेतलं. ते मावतं, पळतंही, फक्त मराठीत उत्तरं जरा अडखळत देतं. पुढचं कार्ड घेताना निम्मे पैसे मी घालायचे, असं मावशीला कबूल केलंय.